गोठ्याच्या खिडकीतला फोन
सरकीच्या भिजलेल्या ढेपेचा आंबूस वास आला की आजही माझा हात खिशातला फोन चाचपतो. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली बाबांच्या मोटरसायकलचे हप्ते थकले आणि वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. पिंपळगाव राजातल्या आमच्या घरात रेंज फक्त गोठ्याच्या खिडकीत यायची, म्हणून फोन तिथंच टांगलेला. तो वाजला की बाबा चपला घालून शेताकडे निघत. एका सकाळी आई म्हशीसाठी ढेप कालवत होती, तेव्हा फोन वाजला. हात भरलेले, म्हणून तिनं कोपरानंच तो घेऊन स्पीकर दाबला. "मुलीचं लग्न ठरलंय ना? सासरी कळवू का?" वसुलीवाला म्हणाला. ताई दारातच थिजली. बचत गटाच्या बैठकीत ऐकलेलं सगळं आईनं एका दमात सुनावलं, "पयले तुमचं नाव सांगा भाऊ. कंपनीचं पत्र दाखवा. अन् आमचं कर्ज दुसऱ्याले सांगाचा तुमाले हक्क नाही, तक्रार करीन मी." फोन कटला. पण आईच्या जिवाला चैन पडेना. गोठ्यात येरझारा घालून शेवटी तिनंच दुसरबीडला ताईच्या होणाऱ्या सासूला फोन लावला. "आमच्यावर कर्ज हाये, इहीनबाई. कोनाचा फोन आला त घाबरू नोका."  पलीकडून सासूबाई हळूच म्हणाल्या, "आम्हाला बी येतेत असले फोन. तुम्हाला कळलं तर काय म्हणाल, ह्याच घोरानं झोप नव्हती बघा." अनोळखी नंबर आला की मीही आता आधी नाव विचारतो, विचारताना आवाज मात्र अजून कापतो.