तोंड सरळ, मान दुखरी

चार डॉक्टर एकत्र बसले की आजार बाजूला राहतात आणि किस्सेच निघतात. माझे बरेचसे कलकत्त्याचे. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी पुण्याहून तिथल्या एका हॉस्पिटलात हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणून गेलो आणि बंगाली शून्य!

पहिल्याच आठवड्यात इंजेक्शनसाठी एका आजीबाईंची शीर सापडेना. सिस्टर म्हणाल्या, "चेष्टा कोरुन, डॉक्टरबाबू!"

मी हिंदीत भडकलो, "आजारी माणसाची चेष्टा करू?"

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे कळेपर्यंत अख्खा वॉर्ड हसत होता. आजीबाईसुद्धा!

एकदा बडाबाजारचे एक शेठजी चक्कर आली म्हणून आले. काहीही विचारा, नुसते बघायचे. मी धावत आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांकडे, मित्रासरांकडे गेलो. "सर, वाचा गेली!"

शेठजींच्या मुलाने हात जोडले. "गेली नाही साहेब. आज सोमवार. मौन आहे!"

आणि आमचे जोगळेकर! बँकेतून बदली होऊन आलेले, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. एका सकाळी दणकून शिंकले आणि मान धरून ओरडले. थोड्याच वेळात उजवा हात-पाय लुळा. शेजारी म्हणाले, "अर्धांगवायू!" स्ट्रेचरवर आले तेही कलकत्त्याच्या ट्रामला नावं ठेवतच.

वहिनी रडत होत्या. "झटका आला, तरी बडबड थांबत नाही हो!"

मित्रासर एकदम थांबले. "उजवी बाजू गेली आणि जीभ एवढी साफ? तोंडही सरळ?" त्यांनी धडधाकट डाव्या पायाला टाचणी टोचली. जोगळेकरांना पत्ताच नाही!

"ताकद उजवीकडची गेली आणि टोचलेलं डावीकडे कळत नाही. हा मेंदूचा झटका नाही," सर म्हणाले. "मानेत, मणक्याच्या आत रक्त साचलंय. मज्जारज्जू दाबला जातोय. उशीर केला तर हात-पाय कायमचे जातील."

मणक्यात रंग टोचून एक्स-रे काढला. रक्ताची गाठ मानेतच होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. संध्याकाळी उजवा अंगठा हलला, तेव्हा वहिनींनी माझाच हात घट्ट धरला.

घरी जायच्या दिवशी जोगळेकर काठी टेकत सरांपुढे उभे राहिले. "सर, 'बडबडीमुळे वाचला' एवढं लिहून द्या. फ्रेम करून भिंतीवर लावतो!"

वहिनींनी पिशवी उचलली. "लावा की. पण खिळा उजव्या हाताने ठोकायचा. तेवढाच व्यायाम!"