प्रॅक्टिकल नसलेली पदवी

कोल्हापुरातला पेशंट ऑपरेशननंतर शुद्धीवर आला की आधी बायकोला ओळखतो आणि मग डॉक्टरला विचारतो, "रस्सा कधी चालंल?" काही जण हा क्रम उलटाही लावतात. ट्रस्टच्या दवाखान्यात या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम बारा वर्षं दानेश्वरीकडं होतं. गंमत अशी, की तिनं स्वतः जन्मात रश्श्याचा थेंब चाखलेला नव्हता. पेठ वडगावच्या लिंगायत किराणा दुकानदाराची ती लेक, उचगावच्या लिंगायत घरात दिलेली. माहेरी अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नसे. पण कुठल्या पेशंटला कितव्या दिवशी पांढरा रस्सा द्यायचा, त्यावरचा तवंग किती काढायचा आणि तांबड्याला कुणी हातही लावायचा नाही, हे तिच्याइतकं दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९९४ साली ती तिथल्या किचनमध्ये मदतनीस म्हणून लागली. नवरा रुद्रेश उद्यमनगरात लेथवर होता. पोरगी शाळेत जायला लागली, तसा दानेश्वरीला दिवस खायला उठला आणि बारावी आर्ट्सचं सर्टिफिकेट घेऊन ती नोकरी शोधत निघाली. काम साधं होतं. ताटं लावायची, तक्त्याप्रमाणं वाढायचं. तक्ता लिहायला सांगलीहून आठवड्यातून दोनदा एक आहारतज्ज्ञ बाई यायच्या. उरलेले पाच दिवस पेशंट काय हवेवर जगणार होते? त्या पाच दिवसांचा तक्ता हळूहळू दानेश्वरीच लिहायला लागली. किडनीवाल्याची भाजी उकळून पाणी टाकायचं, साखरवाल्याच्या उशाखाली जिलेबीची पुडी आहे का बघायचं, कावीळवाल्याच्या सासूला दारातच अडवायचं, सगळं ती शिकली. एक तेवढं ती करत नसे. अंडी दुसरी मदतनीस शालूबाई उकडायची, कोपऱ्यातल्या वेगळ्या शेगडीवर. दानेश्वरी तक्त्यात "दोन अंडी" लिहायची आणि पाठ फिरवायची. संध्याकाळी घरी गेली की आधी न्हाणीघरात शिरायची, अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीला शिवायची नाही.

हे सगळं सासूसाठी. सासू रत्नव्वा चिकोडीकडची, नेमाची बाई. पूजा झाल्याशिवाय पाणीही घ्यायची नाही. बोलणं असं, की समोरच्याला कानफटात बसल्यासारखं वाटावं. सगळं घर तिला अव्वा म्हणायचं आणि सगळं घर तिला भ्यायचं.

२००१ साली सांगलीच्या बाई नोकरी सोडून पुण्याला गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी दानेश्वरीला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, काम तर तुम्हीच करताय. पण आहारतज्ज्ञाच्या जागेवर बारावी पास माणूस मला बसवता येत नाही. पोषणशास्त्राची पदवी काढा. बाहेरून केली तरी चालेल. चार-पाच वर्षं मी कसंतरी निभावून नेतो. जागा तुमचीच."

दानेश्वरी त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असूनही उभ्यानंच उचगावपर्यंत आली. पस्तिशीच्या बाईला कुणी "जागा तुमचीच" म्हणावं, ही काय रोजची गोष्ट होती? किचनमध्ये तिला सगळे मावशी म्हणायचे. आपल्या नावाची पाटी, आपली सही, कुणीतरी "मॅडम" म्हणणार. तिला हे हवं होतं, आणि किती हवं होतं हे कळल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

शोधाशोध केली तेव्हा दोन वाटा निघाल्या. एक सरकारी मुक्त विद्यापीठाची. तिचं केंद्र मुलींच्या एका कॉलेजात होतं, रविवारी प्रॅक्टिकल. दुसरी वाट परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाची. तिचं सेंटर राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर.

आधी ती कॉलेजात गेली. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं, माहितीपत्रक दिलं, प्रॅक्टिकलची यादी दिली. दानेश्वरीनं ती उभ्या उभ्याच वाचली. सातव्या नंबरला अंड्याचे पदार्थ. अकराव्याला मटण आणि मासे, शिजवून, वजन करून, वहीत नोंद करून. "यातलं काही सोडता येतं का?" तिनं विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, खायचं कुठं आहे? नुसतं शिजवायचं." आतल्या खोलीत पांढरे कोट घातलेल्या विशीतल्या पोरी बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचत, एकमेकींना टोमणे मारत काम करत होत्या. दानेश्वरीनं दारातून क्षणभर आत बघितलं आणि यादीची घडी घातली. वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर जिवाला थोडं हायसंही वाटलं. ते का, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

राजारामपुरीतल्या सेंटरचे विजयसिंह सर मोठे चलाख. तिच्या कपाळावरची विभूती त्यांनी जिना चढतानाच हेरली असणार.

"वैनी, तुमच्यासारख्यास्नी हेच बेस्ट की! प्रॅक्टिकल न्हाई, काय न्हाई. पुस्तकं मराठीत. अंडं न्हाई, मटण न्हाई. आमचं विद्यापीठ लोकांच्या धर्मात हात घालत न्हाई बघा."

फीसुद्धा कॉलेजातल्यापेक्षा हजारभर रुपयांनी कमीच होती, तीही हप्त्यानं. रात्री जेवताना तिनं रुद्रेशपुढं दोन्ही कागद ठेवले. अव्वा देवळात गेली होती.

"अंडी-मटण शिजवायचं?" रुद्रेशनं यादी ताटापासून लांब धरली. "अव्वाला कळलं तर घरात राहायचं आवघड हुईल. हे दुसरंच कर. स्वस्तबी हाय."

झालं. बाहेर सांगायला कारण मिळालं, स्वस्त आहे. घरात सांगायला कारण मिळालं, अव्वाला चालणार नाही. दोन दोन कारणं हाताशी असल्यावर तिसरं कोण शोधतो? अव्वाला विचारावं, असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्याला घाबरायचं त्याला विचारायचं नाही, ही आपल्याकडची घरोघरची रीत.

पुढची चार वर्षं दानेश्वरीनं जीव तोडून अभ्यास केला. पुस्तकं म्हणजे कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकाची ओबडधोबड मराठी भाषांतर होतं, पण तिनं त्यातून वाट काढली. कणीक मळताना जीवनसत्त्वं पाठ केली. बसमध्ये प्रथिनांची कोष्टकं. परीक्षेला सेंटरवरच बसायचं. पहिल्या पेपरला विजयसिंह सर सगळ्यांना म्हणाले, "पुस्तक काढा आनि बघून ल्ह्या, लाजू नका." सगळ्यांनी काढली. दानेश्वरीनं पिशवीची चेन लावली ती लावलीच. तीन तास डोक्यातून लिहिलं. निकालात तिला बासष्ट टक्के पडले आणि शेजारी बसून ओळन् ओळ उतरवणाऱ्या शाहूवाडीच्या पोरालाही बासष्टच पडले. तेव्हाच तिला काहीतरी खटकलं होतं. पण अर्धी नदी ओलांडलेल्या माणसाला पाणी खोल आहे असं कुणी सांगून काय उपयोग? ती पुढंच गेली.

२००५ च्या दिवाळीआधी पदवी आली. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर भलंमोठं नाव. रुद्रेशनं पेढे वाटले. शालूबाईनं तिला किचनमध्ये मुद्दाम "मॅडम, चहा" म्हणून हाक मारली आणि दोघी हसल्या.

२००६ च्या मार्चमध्ये जागेची मुलाखत झाली. मोठे डॉक्टर होते, ट्रस्टची दोन माणसं होती आणि बाहेरून बोलावलेल्या एक तज्ज्ञ बाई होत्या. बाईंनी तिला वीस मिनिटं प्रश्न विचारले. दानेश्वरीनं एकूण एक उत्तरं दिली, काही तर बाईंनी वहीत लिहून घेतली. मग बाईंनी पदवीचा कागद उलटा-सुलटा केला.

"प्रॅक्टिकलचे तास कुठं लिहिलेत?"

"आम्हाला प्रॅक्टिकल नव्हतं."

"एकसुद्धा नाही?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्याचाच दानेश्वरीला जास्त त्रास झाला. "प्रॅक्टिकलशिवाय पोषणशास्त्राची पदवी धरत नाहीत हो. आणि हे विद्यापीठही आमच्या यादीत नाही. तुम्ही घेण्याआधी कुणाला विचारलं नाही का?"

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, तशी गत झाली होती, फक्त इथं सोनूबाईला खरंच सगळं येत होतं.

ती तशीच राजारामपुरीला गेली. झेरॉक्सवाल्यानं मान वर न करता सांगितलं, की सेंटर जानेवारीतच बंद झालं, विजयसिंह सरांचा फोन लागत नाही आणि ती विचारायला आलेली कितवी, हे त्यानं मोजायचं सोडून दिलंय. वरच्या खोलीत मोबाइलची दुरुस्ती चालली होती.

पुढच्या महिन्यात त्या जागेवर संयोगिता आली. तेवीस वर्षांची, होम सायन्सची पदवी, पोरगी गुणी. पहिल्याच दिवशी ती दानेश्वरीला म्हणाली, "मावशी, मला इथलं काही माहीत नाही, तुम्ही शिकवा." तिच्यावर रागवावं तर तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. दानेश्वरी शिकवत राहिली. तक्ता दोघी मिळून लिहायच्या, खाली सही संयोगिताची. पेशंट विचारायचा, "मॅडम, रस्सा कधी?" आणि संयोगिता हळूच दानेश्वरीकडं बघायची.

घरी तिनं कुणाला नीट काही सांगितलं नव्हतं. "बघू म्हणालेत" एवढंच. पण मे महिन्यातल्या एका दुपारी सुट्टीच्या दिवशी, सोप्यात ज्वारी निवडताना, रत्नव्वानं सुपातून मान वर केली.

"तुझ्या जागंचं काय झालं गं? दोन महिनं झालं बघू-बघू करतीस."

दानेश्वरीचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं, सेंटर, बासष्ट टक्के, चष्मा काढणारी बाई, संयोगिता. आणि सांगता सांगता तोंडातून गेलं, "तुमच्यासाठीच केलं अव्वा. त्या दुसऱ्या कॉलेजात अंडी-मटण शिजवायला लागत हुतं. तुमाला चाललं नसतं म्हणून हे घेतलं."

रत्नव्वानं सूप खाली ठेवलं.

"मला कवा इचारलंस?"

दानेश्वरीनं डोळे पुसले.

"मी इचारतो, कवा इचारलंस मला? ह्याच सोप्यात बसून असतो की मी रोज."

"तुमी नेमाच्या, अव्वा. आमी समजलो..."

"नेम माझा हाय. तुझ्या हातात शेगडी दवाखान्याची. दोन्हीचा काय संबंध?" रत्नव्वाचा आवाज एरवी गल्लीच्या टोकाला जायचा, तो एकदम खाली आला. "रुद्रेश तीन वर्साचा हुता. टायफाईडनं नुसता सापळा ऱ्हायलता. डॉक्टर म्हणाला, अंडं चारा, न्हाईतर पोरगं जातंय. मी गल्लीतल्या तानाबाईच्या घरी नेलं त्येला, तिच्यात अंडं चालायचं. ह्याच हातानं सोललं आनि भरवलं. सोळा दिवस. घरी येऊन अंगोळ केली, देवाला सांगितलं, बाकी कुणाला न्हाई. त्येच्या बाला बी न्हाई. रुद्रेशला आजून ठावं न्हाई."

रुद्रेशनं यादी ताटापासून कशी लांब धरली होती, ते दानेश्वरीला आठवलं आणि हसावं की रडावं कळेना.

"आता सांग," रत्नव्वा म्हणाली. "अंडं शिजवायचं नव्हतं म्हणून गेली न्हाईस व्हय तिकडं? का आनि काय हुतं?"

म्हातारीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं जिथं घोडं पेंड खात होतं. दानेश्वरी पदराशी चाळा करत बसली. तो दरवाजा, पांढरे कोट, पटापट इंग्रजी वाचणाऱ्या पोरी, आणि आपण पस्तिशीच्या, आर्ट्सवाल्या, वडगावच्या. यादीची घडी घालताना जिवाला हायसं का वाटलं होतं, ते पाच वर्षांनी तिच्या ध्यानात आलं. सातव्या नंबरला अंडं नसतं, नुसती नाचणीची आंबील असती, तरी ती त्या दारातून आत गेली नसती.

"भ्या वाटलं," ती म्हणाली. "त्या पोरींच्यात उभं ऱ्हायचं भ्या वाटलं, अव्वा. हसतील वाटलं."

रत्नव्वाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला, सवयीनं जायचा तसा.

"माझ्या गळ्यात हे एक हाय," ती म्हणाली. "ह्येचं वज्जं मला बास हाय. तुझं भ्या माझ्या गळ्यात बांधू नगंस. ते तुझं तू घालून फिर."

आणि सूप उचलून ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. दानेश्वरीला राग आला, तोंडाशी शब्दही आले. पण म्हातारी खरं बोलत होती, म्हणून तिनं ते गिळले आणि ज्वारीची एक मूठ आपल्या पुढ्यात ओढली.