कवटीची भिंत

पेंटरची चूक एवढीच, की त्याने आधी कवटी काढली. दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीवर एचआयव्ही-एड्सची माहिती लिहायचं काम होतं. पेंटर लोकांची रीत अशी, की चित्र आधी, बारीक अक्षरं शेवटी. चित्राभोवती चार माणसं जमतात, अक्षरांभोवती कोण जमणार? कवटी अशी काही रंगत गेली की खाली जागाच उरली नाही. मग त्याने मनानेच 'एड्स म्हणजे मरण' असं ठसठशीत लिहून टाकलं. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने हा आजार होत नाही, औषध घेतलं तर माणूस सगळ्यांसारखा जगतो, हे लिहायचं राहून गेलं. कुणी विचारलंही नाही. कवटीचं मात्र कौतुक झालं आणि पेंटर कॉलर ताठ करून फिरला.

पुढे काही वर्षांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर त्याला एचआयव्ही निघाला. समुपदेशक बाईंना भेटा, असं सांगितलं होतं. पण त्यांच्या खोलीकडे जायचं म्हणजे त्याच भिंतीसमोरून जायचं. पेंटर घरीच बसला. मोबाइलवर एकाने मुळीची पूड घ्यायला सांगितली, ती त्याने मागवली. तोंड कडू झालं, बाकी काही नाही. धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती, पण तिकडे त्याने पाऊल टाकलं नाही. अंगाला रंगाचा वास येतो, असली कारणं तो सांगायचा. एकट्याच्या घरात एकट्याचंच ताट, तरी ते तो वेगळं घासायचा. कुणापासून वेगळं, ते त्यालाच ठाऊक.

एके दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी तुझं नाक घेऊन आलीय. बघायला तरी ये."

त्या फोनने तो हलला. मान खाली घालून भिंतीसमोरून गेला आणि बाईंसमोर जाऊन बसला. बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. एचआयव्ही हा विषाणू. औषधच घेतलं नाही तर तो हळूहळू शरीराची ताकद पोखरतो, तेव्हा एड्स होतो. रोज न चुकता गोळी घेतली की तो दबून राहतो. असुरक्षित संबंध, दूषित रक्त किंवा सुई, आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. पुडीचं ऐकून त्या म्हणाल्या, "ज्याला तुम्हाला काही विकायचंय, त्याला विचारू नका."

"लहान बाळाला उचलून घेतलं तर चालतं का?"

"खुशाल घ्या. मुकेही घ्या."

"पण बाहेर भिंतीवर तर..."

"ती कुणा गाढवाने रंगवलीय कोण जाणे," बाई वैतागल्या. "कवटी बघून लोक दारातूनच परत जातात."

गाढवाने मान डोलावली. गोळ्या सुरू केल्या आणि त्याच आठवड्यात चुन्याची बादली घेऊन कवटी पुसली. येणारेजाणारे हळहळले, एवढी छान होती म्हणे. या वेळी त्याने बारीक अक्षरं आधी लिहिली. चित्राला जागा उरली नाही.

मग बहिणीच्या दारात उभं राहूनच त्याने तिला सगळं सांगितलं, बाईंचं बोलणंही.

"कवटीही तूच काढली होतीस ना, दादा?"

"मग माझं नको ऐकूस," तो म्हणाला. "बाईंना विचार."

ती गेली. आत बराच वेळ बसली, पेंटर बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "रविवारी जेवायला ये."

रविवारी तिने घरातल्याच ताटात वाढलं, आग्रहही केला. पोरगी तिच्या मांडीवर होती. नाक खरंच त्याचंच होतं. हात धुऊन, पुसून त्याने ते पुढे केले.

"पुढच्या वेळी घे, दादा," बहीण म्हणाली आणि पोरीचं अंगडं उगाच सारखं करू लागली.

त्यानंतर दोन-तीन रविवार झाले. पुढची वेळ अजून यायचीय.