सुयांनी बोलता केलेला पाटकरी

"घड्याळ हाये का घरात, का इकलं?"

पाण्याची पाळी यायच्या आधीच शेताची चारी फोडणाऱ्याला आमच्या राजुरीचा पाटकरी हे असं विचारायचा. कालव्याचं पाणी कुणाला कधी द्यायचं हे बघणं त्याचं काम, आणि ते तो शिव्यांच्या जोरावर करायचा. सरपंचालाही सोडत नसे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. तो समोरून आला की आपण वाट बदलतो. मला ती सोय नव्हती. मी भिंतीला भिंत लागून शेजारी.

दोन हजार सालच्या आसपास त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ वाचली, पण तो बोलेना. ओट्यावर बसवलं की बसायचा, भरवलं की खायचा. लोक त्याच्या डोळ्यांदेखत बिनपाळीचं पाणी वळवायचे आणि तो मानही वर करत नसे. घरचे मात्र आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आता लई गुणी झालेत."

गुणी! माणूस आतून विझत चालला होता आणि यांना तो सुधारल्यासारखा वाटत होता.

आळेफाट्याला एक डॉक्टर ॲक्युपंक्चर करायचे. त्याच्या पोराच्या मागे लागून मी पाटकऱ्याला वडापच्या जीपमधून तिथं नेऊ लागलो. डॉक्टर म्हणाले, "लकव्यानंतर मनही आजारी पडतं. गोळ्या चालू ठेवा, सुयांनी काही फरक पडतो का बघू." डोक्यावर, भुवयांच्या मधे, मनगटावर सुया. तो भिंतीकडे बघत राहायचा. खरं सांगतो, मी कंटाळलो होतो.

मग एकदा सुई टोचतानाच तो गुरकावला, "मी काय बारदान हाये व्हय रं, शिवायला?"

डॉक्टर हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुण सुयांचा, गोळ्यांचा की जीपमधल्या धक्क्यांचा, देव जाणे. परतताना त्यानं ड्रायव्हरलाही झापलं.

लवकरच घरात भाजीच्या मिठावरून, पोराच्या उशिरा उठण्यावरून तोंडाचा पट्टा सुरू झाला. पोरगा तावातावानं माझ्याकडे आला.

"काका, सुया बंद. आण्णांच्या डोक्यात उष्णता चढली."

"अरे, बरा होतोय तो!"

"कुठं बरे होतायत? हात उठला का?"

पोराची आई मागेच उभी होती. "भाऊ, आख्खा जनम ऐकलं मी. आता कुठं कान निवले व्हते."

तिचंही खोटं नव्हतं.

सुया थांबल्या, गोळ्याही थांबल्या. मी दिसलो की तो ओट्यावरून विचारायचा, "आज जायचं न्हाई का फाट्याला?" मी पुन्हा पोराशी भांडलो. दगडावर डोकं आपटलं. हळूहळू त्यानं विचारणंही सोडलं, आणि एका हिवाळ्यात तो गेला.

दशक्रियेला नदीकाठी भाषणं झाली. "शेवटी शेवटी त्यांनी कुणाला शब्दानं दुखवलं नाही. केवढी ती शांती!" सोसायटीचे चेअरमन म्हणाले. माझ्याकडे माईक आला. "तो शांत नव्हता, आजारी होता," एवढंच मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांचं लक्ष पिंडाकडे होतं.

कावळा लगेच शिवला.

"बघा, काही इच्छा राहिली नव्हती त्यांची," माझ्या बाजूला उभा असलेला एकजण समाधानानं म्हणाला. मला त्या कावळ्याचाही राग आला.