आतल्याला ताप नाही

नक्षीमावशींचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. कारखान्यातल्या भरतकामाच्या यंत्रांसाठी त्या कॉम्प्युटरवर नक्ष्या काढून देत. टाका कुठून सुरू व्हायचा, पाकळीवर तो आडवा पडायचा की तिरपा, दोरा कुठे तोडायचा, हे मावशी ठरवणार आणि यंत्र मुकाट्याने तसं शिवणार. घरातही त्यांना उघडं काही बघवत नसे. मिक्सरला झबलं, फ्रीजच्या डोक्यावर रुमाल, रेडिओला झालर. यावरून काका, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा म्हणाले होते, "एक दिवस मलाही झाकून ठेवशील." त्यावर घरात जो अबोला झाला, त्यानंतर छापखान्यातून निवृत्त झालेल्या त्या माणसाने झाकणांविषयी तोंड उघडलं नाही.

मावशींचं नक्षीचं सॉफ्टवेअर जुनं. ते फक्त एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाले, आणि ती जुनी सिस्टिम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. तेव्हा परगावी कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या भाच्याने तोडगा काढला. नव्या कॉम्प्युटरमध्ये एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत जुना कॉम्प्युटर अख्खाच्या अख्खा चालवायचा.

"म्हणजे कॉम्प्युटरला दिवस गेलेत म्हण की," काका म्हणाले.

मावशी या दोन कॉम्प्युटरांना बाहेरचा आणि आतला म्हणू लागल्या. त्यांचा सगळा संसार आतल्याशी. बाहेरचा नुसता चालू करायचा आणि बंद करायचा.

वर्षभर दोघं गुण्यागोविंदाने नांदले. मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. रुंदच्या रुंद पडदा, त्यावर कडेने चढत गेलेला वेल. एवढ्या नक्षीचे टाके पाडायला सॉफ्टवेअरला दुपारभर गणित करावं लागे, आणि ते अर्ध्यावर आलं की कॉम्प्युटर पटकन डोळे मिटे. पुन्हा चालू केला की सगळं पहिल्यापासून. कारखान्याच्या मालकीणबाई गोड बोलणाऱ्या, पण यावेळी त्यांनी गोड शब्दांतच सांगितलं होतं की शुक्रवारपर्यंत फाइल आली नाही तर पडदा दुसरीकडे जाईल. पडदा एकदा दुसरीकडे गेला की पाठोपाठ बाकीचंही जातं, हे मावशींना सांगायची गरज नव्हती.

भाच्याचं फोनवर निदान झालं की मशीन तापत असणार. मदरबोर्डवर तापमान मोजणारे सेन्सर असतात, ते आकडे बघ, मग कळेल. एवढं सांगून तो मीटिंगला गेला. मावशींनी त्याची वाट न बघता तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर स्वतःच शोधलं आणि अर्थातच आतल्यात बसवलं. त्यात मदरबोर्डच्या नावापुढे नुसती रेघ. पंख्यापुढे रेघ. सगळीकडे रेघा, बाळाच्या पाटीवर असतात तशा. मग कुठल्याशा चर्चेत कुणीतरी सुचवलेलं एक जोड-सॉफ्टवेअर त्यांनी घातलं, आणि रेघेच्या जागी आकडा उमटला. अडतीस.

कॉम्प्युटरच्या मानाने अडतीस अंश म्हणजे गारच; मावशींचा जीव भांड्यात पडला. आकडा कोपऱ्यात ठेवून त्यांनी गणित लावलं. अर्धी दुपार अडतीस होता. उरलेल्या अर्ध्यातही तो अडतीसच राहिला, आणि अडतीसवरच कॉम्प्युटर बंद पडला.

"ताप नाही रे त्याला," त्या भाच्याला म्हणाल्या. "मग हा मरतो कशाने?"

भाच्याने दुरून स्क्रीन ताब्यात घेऊन बघितलं. मग म्हणाला, "मावशी, आतल्याला अंगच नाहीये. त्याचा मदरबोर्ड म्हणजे नुसतं सोंग आहे. खरे सेन्सर बाहेरच्याकडे, आणि त्यांचे आकडे आत कुणी पोचवत नाही. हा अडतीस त्या सॉफ्टवेअरने मनानेच लिहिलाय."

"मनाने? आणि मी आपली त्याच्या जिवावर बसलेय."

अंग नसलेल्या कॉम्प्युटरवर आपण वर्षभर सुया-दोरे चालवतोय ही गोष्ट मावशींना काही केल्या पचेना. भाच्याने मात्र युक्ती केली. बाहेरच्यात खरं तापमान वाचणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते दर मिनिटाला आकडा एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवी, आणि आतला तो तिथून उचलून मावशींच्या कोपऱ्यात दाखवी. अडतीसच्या शेजारी आता ब्याऐंशी झळकू लागला. नव्वदीच्या पुढे गेला की मशीन स्वतःला बंद करतं, तेव्हा त्याआधी गणित थांबव, असं भाच्याने बजावलं.

पण गोंधळ मिटायचा तो वाढलाच. गणित चालू, मावशी समोर, काका बाजूला पेपर घेऊन, आणि आकडा चढतोय. पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. त्या हबकून चहा टाकायला उठत, आणि परत येऊन बघावं तर त्र्याहत्तर. गणित तर थांबलेलं नसे. पुन्हा बसल्या की पुन्हा चढण. भाचा म्हणाला असं होऊच शकत नाही. मावशी म्हणाल्या, होऊ शकत नाही ते माझ्याच घरी का होतं ते सांग. आपलीच दृष्ट लागते की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि शिकल्यासवरल्या बाईने हे काय मनात आणावं म्हणून त्या स्वतःवरच वैतागल्या. गुरुवारी दुपारपर्यंत त्यांचे इतके चहा झाले की पोटात जळजळ सुरू झाली.

गुरुवारीच त्या ओट्याकडे निघाल्या आणि चष्मा विसरला म्हणून दारातूनच मागे वळल्या.

काका टेबलाखाली वाकले होते. कॉम्प्युटरच्या डब्याला मावशींनीच शिवलेली गवसणी होती. मागून-पुढून घट्ट, दोऱ्यांची कुसं आत जाऊ नयेत म्हणून, आणि अंगभर जाईचा वेल. ती गवसणी काकांनी अलगद वर ओढून काढली, घडी करून मांडीवर घेतली आणि ते पेपर वाचत बसले. त्यांच्या पावलांपाशी पंख्याची गरम फुंकर मोकळी झाली.

मावशी दारातच उभ्या राहिल्या. चढणारे, उतरणारे सगळे आकडे त्यांच्या डोक्यात एका ओळीत येऊन उभे राहिले.

"अहो."

काका दचकले. गवसणी पुन्हा घालायला गेले तर ती उलटी झाली.

"कधीपासून चाललंय हे? मी उठले की काढायची, मी यायच्या आत घालायची?"

"हात लागला तर चटका बसला. छापखान्यात यंत्र असं तापलं की आम्ही आधी पत्रा काढायचो."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तुझ्या वेलाला नावं ठेवायची?" काका म्हणाले. "मागच्या वेळी आठ दिवस नुसती भांडी बोलत होती माझ्याशी."

मावशींना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी गवसणी त्यांच्या हातातून घेतली, सुलटी केली आणि कपाटात टाकली. त्यानंतर त्या दिवशी आकडा सत्तरीच्या वर गेलाच नाही. संध्याकाळी वेलाचा शेवटचा टाका पडला, फाइल गेली, आणि शुक्रवारी मालकीणबाईंनी पडद्याबद्दल अवाक्षर न काढता पुढच्या कामाच्या कापडाचा तुकडा पाठवून दिला. मावशींना तेवढं पुरलं.

भाच्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी खो खो हसला, मग जरा ओशाळला. त्याने स्क्रीन शंभर वेळा बघितली होती, पण डबा कसा ठेवलाय हे काही विचारलं नव्हतं. निदान तो खोटा अडतीस तरी काढून टाकतो, म्हणाला.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "घरात एक तरी असा असावा, ज्याला काहीच होत नाही."

रविवारी त्यांनी मिक्सरचं झबलं काढलं, मिक्सरभोवती हात फिरवला, थोडा वेळ विचार केला आणि परत घातलं.