फेज उलटा केल्यावर उरलेला आवाज

भुताखेतांच्या गोष्टी मी फक्त हसायला ऐकतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, मी मात्र सोल्डरिंग मशीन हातात घेतलं. त्यामुळे खालच्या प्रकाराचं कारण कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा... मी डोकं खाजवून दमलोय.

गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर माझा एका खोलीचा स्टुडिओ होता. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. पाठोपाठ दुसरा दुष्काळ, गल्लीत टँकर, आणि तरी चहूबाजूंनी नव्या बिल्डिंगा उठतायत. शेजारच्या प्लॉटवर बोअरचं मशीन दिवसभर घरघरायचं, म्हणून रेकॉर्डिंग त्या लोकांच्या जेवणाच्या सुट्टीत.

तशाच एका दुपारी मुकुंदवाडीहून वैशाली तिच्या आईला, कमलमावशींना, घेऊन आली. मंडळी मूळची बिडकीनची. मावशींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वैशालीचं लग्न त्यानंतर. हळदीला गाणं आईच्याच आवाजात लागलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

हा आवाज पुन्हा मिळणार नव्हता. एका माइकनं दगा दिला तर? म्हणून दोन सारखे माइक लावले — एक डावीकडे, एक उजवीकडे, मावशींच्या तोंडापासून अगदी सारख्या अंतरावर.

मावशी सुरेख गायल्या. फक्त प्रत्येक ओळीनंतर थांबायच्या.

"मावशी, सलग म्हणा ना."

"नाय जमायचं, बाबा. मी एक ओळ म्हणायची आन् पुढची जाऊबाई उचलायच्या. त्यांना जाऊन लई वर्षं झाली, पण तोंड आपलं थांबतंच."

त्या गेल्यावर मी तपासायला बसलो. आमची साधी पद्धत आहे: बटण दाबून एका माइकचा फेज उलटा करायचा, म्हणजे त्याची ध्वनिलहर वरची खाली पालटायची, आणि दोन्ही एकत्र ऐकायचे. दोन्हीकडे सारखा आलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. म्हणजे मावशी बरोबर मध्ये बसल्या असतील, तर त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. झालाही. मी स्वतःवर खूश.

आणि मग त्या थांबलेल्या जागेत दुसरी बाई गायली...

जाडसर, जरा नाकातला आवाज. पुढची ओळ, तालाला पक्की. मी बटण सोडलं — मावशी परत, ती बाई गायब. दाबलं — ती हजर. डावा माइक एकटा ऐकला, मग उजवा. त्या जागी नुसती शांतता! दुसऱ्या मशीनवर लावलं, तेच. गल्लीतली कुणी म्हणावी, तर ती माइकमध्ये का नाही? आणि जे एकाही माइकमध्ये नाही, ते वजाबाकीत उरतंच कसं?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ऑपरेशननंतर दोघी रेकॉर्डिंग न्यायला आल्या, तेव्हा मी ते ऐकवून टाकलं.

"मोठीआई हाय ही, आईची जाऊ," वैशाली म्हणाली. "पण दादा, मला आईचा आवाज पाहिजे. दोघींचा संगं नाय का व्हत?"

"नाही होत, जोडून बघितलं. एक आणली की दुसरी जाते." मी हे काय बोलतोय, माझं मलाच कळेना.

मावशींच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पुढे होऊन बटणावर बोट ठेवलं आणि दाबूनच धरलं.

"आई, तुझ्यासाठी केलं ना हे सगळं," म्हणत वैशाली रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मावशींनी दुसऱ्या हातानं तिचं तोंड पुसलं, पण बटणावरचं बोट काढलं नाही.

हळदीला स्पीकर घेऊन मीच गेलो. मावशींनी खूण केली, तेच गाणं लावलं. जाऊबाईंच्या ओळी मांडवभर ऐकू येत होत्या. मधल्या ओळी कोऱ्या... आणि त्या कोऱ्या ओळींना मावशींचे ओठ हलत होते. ओळ संपली की त्या थांबायच्या, जाऊबाई पुढची उचलायच्या. वैशाली हळदीनं माखलेली, आईच्या तोंडाकडे बघत बसली होती.

गाणं संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, माफ कर, तुला हवं होतं ते नाही देता आलं.

"आलं की ऐकू," ती म्हणाली. "आईच म्हणत व्हती ना. दोघी म्हणत व्हत्या."

मी पूर्ण वेळ स्पीकरला लागून उभा होतो. मला मावशींचा आवाज आला नाही. याचंही कारण माझ्याकडे नाही.