सव्वीस जुलैचं वाजवणं

बँडवाल्याकडे किस्से आपोआप साठतात, कोटाच्या खिशात अक्षता साठाव्यात तसे. शहापूरच्या आमच्या बँडमध्ये मी ट्रंपेट वाजवतो. लग्नातले किस्से म्हणाल तर कुठेही सांगतो. पण सव्वीस जुलैचे, कारगिल विजय दिवसाचे, तीन-चार आहेत. ते टपरीवर सांगवत नाहीत. तुम्ही घरचे, म्हणून सांगतो.

*

पावसाळ्यात लग्नं नसतात. मी आणि आमचे बँडमास्तर दुकानात वाद्यांना तेल देत बसलो होतो, तेव्हा विशे हवालदार आले. फौजेतून रिटायर होऊन ते कसाऱ्याकडच्या आपल्या गावी राहतात. त्याच गावचा हरेश फौजेत होता, सरहद्दीवर शहीद झाला. शाळेसमोर त्याचं स्मारक आहे. दर सव्वीस जुलैला तिथे मानवंदना असते.

"बिगुल वाजवणारा माणूस पायजे," हवालदार म्हणाले.

मास्तर संकोचले. "काका, आमी लग्नात वाजवणारी माणसं. मोबाइलवर मिळंल की ती धून."

"गेल्या साली मोबाइलवरच लावली होती. सगळे सावधान उभे, नि मधेच साबणाची जाहिरात लागली. पोराची आई समोर बसलेली."

मास्तरांनी माझं ट्रंपेट उचलून माझ्या हातात दिलं.

*

त्या धुनेला फौजेत लास्ट पोस्ट म्हणतात. हवालदार ती शिट्टीवर शिकवायचे. बिगुलाला बटणं नसतात, म्हणून ट्रंपेटवरही बोटं न हलवता वाजवायची. माझी बोटं सवयीने हलायची, आणि शेवटाला लग्नातली मुरकी यायची.

"मुरकी काढ. सरळ सोड."

आठवडाभर ते एसटीने येत होते. मी वाजवायला लागलो की दर वेळी उठून ताठ उभे राहायचे. शेवटी मास्तर म्हणाले, "काका, बसा. ही नुसती प्रॅक्टिस हाय."

"ती वाजताना मला बसता येत नाय."

*

आमचा कोट लाल, खांद्यावर सोनेरी झालर. कार्यक्रमाच्या सकाळी हवालदारांनी ती बघितली. रागावले नाहीत.

"एवढं खांद्यावरचं काढा," म्हणाले. "ते कमवायला लागतं."

मास्तरांनी तिथेच उभं राहून ब्लेडने टाके उसवले. परत कधी शिवले नाहीत. लग्नात कोणी विचारलं, की कोट असे बोडके का, तर मास्तर सांगतात, "पावसात खराब झाली झालर."

*

त्याच दिवशी शहरातून एक पाहुणे आले होते. भाषणात म्हणाले, "शहीद सुरेश..."

पुढच्या खुर्चीत हरेशची आई, ताराबाय, बसली होती. भाताच्या लावणीतून तशीच आलेली, पायांना चिखल. बसल्या जागेवरून म्हणाली, "हरेश."

पाहुण्यांना ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने परत सुरेश.

"हरेश." तिने आवाज वाढवला नाही.

तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर अख्खं गाव बोललं. पाहुण्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "आई, तुम्हीच बोला."

ताराबाय उठली. "हरेश. माजा पोरगा. नाव तेवढं नीट घ्या, बाकी काय नको." आणि बसली. त्या दिवशी दुसरं भाषण झालं नाही.

*

गेल्या वर्षी हवालदार म्हणाले, "आपलं अर्धंच होतंय. दोन मिनिटांच्या मौनानंतर दुसरी धून लागते. तिच्याशिवाय मानवंदना पुरी होत नाय."

ती पण शिकलो. सव्वीस तारखेला शाळेच्या ओट्यावर दोन्ही धुना वाजवून बघत होतो. ताराबाय येऊन शेजारी बसली.

"हे नवीन कसलं रे?"

हवालदारांनी समजावलं, "वहिनी, पयली धून रात्रीची. जवानांनी झोपायची वेळ झाली, म्हणून. दुसरी सकाळची. ती वाजली का उठायचं."

ती म्हणाली, "रजेवर आला का दुपारपर्यंत झोपायचा. मी लय बोलायची त्याला, उठ उठ करून."

माझ्या ट्रंपेटवर तिने हात ठेवला. "ती दुसरी नको वाजवू, बाळा. झोपू दे."

मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला, त्यातली एक ओळ खोडली, आणि बराच वेळ पेनाला टोपण लावत राहिले.

"पयलीच वाजव," म्हणाले. "नि हळू वाजव."